पावती

एकतीस वर्षं मी चोपड्याच्या बाजारात पावत्या फाडल्या.
टोपलीमागे दोन रुपये, हातगाडीमागे पाच,
बैलगाडी आत आली तर तिचे वेगळे.
बोटांना कार्बनचा निळा,
जेवतानाही भाकरीच्या काठाला लागायचा.

'बाजार भरला' म्हणतात. कशाने, ते कुणी सांगत नाही.
पहाटे नुसती कुत्री आणि चुन्याच्या रेघा,
आठला मेथी, नऊला मिरची,
दहाला माणसं एकमेकांच्या कोपरात.
'बाजार उठला' म्हणजे
संध्याकाळी गोणपाट झटकून घरी जाणं.
हेच एखाद्या माणसाबद्दल म्हटलं
तर तो पुन्हा चौकातून मान वर करून जात नाही.

झिपा मापाडी पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणाला नाही.
लाभ, म्हणायचा. लाभ, मग दोन, मग तीन.
विचारलं, एकाने काय घोडं मारलं?
ज्वारीत गुडघ्याइतका उभा राहून म्हणाला,
"एकला ते माणूस ऱ्हास, भाऊ. माप नही."
त्याची बायको गेली त्या आठवड्यातही
त्याने लाभापासूनच सुरुवात केली.

दुकान बंद करत नाहीत आमच्याकडे, वाढवतात.
बांगडी फुटली तरी वाढली, दिवा विझला तरी वाढला.
चुनीलाल कापडवाल्याने दिवाळीनंतर दुकान वाढवलं
ते कायमचं.
आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.

खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे थोर,
असं तलाठी सांगतो.
पण खुर्दात कॉलेज आलं, पेट्रोल पंप आला,
आणि बुद्रुकात एसटी फक्त वळायला जाते.
खिशातला खुर्दा त्याच खुर्दाचा भाऊ.
नोट मोडते, गाव मोडतं,
मोड काय, मटकीलाही येतात.

कसबा आणि पेठ यांत फरक काय, मला कधी कळलं नाही.
दोन्हीकडे तेच गटार.

वैजापूरच्या वरच्या पाड्यावरून रेमलीबाई यायची.
महूची फुलं, चारोळी, कधी डिंक.
पाड्याचं नाव विचारलं तर आज्याचं नाव सांगायची,
दोन्ही एकच होतं.
पावती दिली की उलटसुलट करून बघायची.
एकदा म्हणाली, याला काय म्हणतात?
पावती.
म्हणजे?
पैसे पावले, त्याचा कागद.
कोणाला पावले?
नगरपालिकेला.
देव पावतो, तसं?
हो, म्हटलं. तसंच. पुढच्या ओळीत गर्दी होती.

पुढच्या आठवड्यात तिने दोन रुपये हातावर ठेवले
आणि विचारलं, पावली का नगरपालिका?
बाजारात नळ नव्हता. सावली नव्हती.
बायकांना आडोशाला जायला भिंत नव्हती.
मी हसलो.
आठवड्याच्या आठवड्याला तिने तेच विचारलं,
रागाने नाही,
एखाद्याच्या आजारी आईची चौकशी करावी तसं.
नंतर नंतर मी तिच्या ओळीत शेवटी जाऊ लागलो,
माझेच दोन रुपये भरून पावती तिच्या टोपलीत टाकायचो
आणि तिची पाठ असतानाच पुढे व्हायचो.

आता पावत्या यंत्रातून निघतात.
उन्हात धरल्या तर अक्षरं उडून जातात.
नळ आला. त्याला मंगळवारी पाणी असतं,
मंगळवारी बाजार नसतो.

परवा मी पिशवी घेऊन गेलो, गिऱ्हाईक म्हणून.
रेमलीबाईच्या जागी तिची लेक.
चारोळी केवढ्याला, म्हटलं, आणि सवयीने
बोट जिभेला लावलं, पान उलटायला.
तिने भाव सांगितला. मी कमी करायला गेलो.
"भवानी आहे, बाबा," ती म्हणाली.

मी नोट दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली,
डोळ्यांना लावली, मग एकदा टोपलीला.
एकतीस वर्षांत इतके पैसे घेतले मी
उभ्या उभ्या.